गाडीचा बाहेरचा टेम्परेचर सेन्सर नेमका बसवायचा कुठं?

मे महिन्यातली भर दुपार. शेजारच्या काकांनी दसरा चौकाजवळ तासभर उन्हात लावलेली गाडी चालू केली, डॅशबोर्डवर ४७ चा आकडा आला, आणि त्यांनी लगेच फोटो काढून स्टेटसला टाकला : "कोल्हापूर पेटलं!" त्या दिवशी गावात सावलीत ३८ होतं. मी म्हटलं, "काका, हे कोल्हापूरचं तापमान नव्हे, तुमच्या बोनेटचं आहे." त्यांना काही पटलं नाही. पण रस्त्यावर वीस मिनिटं पळवूनही आकडा ४४ च्या खाली येईना, तेव्हा रात्री किल्ली घेऊन आले. "बघ बाबा जरा."

महिन्यापूर्वी त्यांनी पुढचा बंपर रंगवून घेतला होता. बंपर परत चढवताना सेन्सर त्याच्या खाचेत अडकवायचा राहून गेला होता. तो आपल्याच वायरला लोंबकळत जाऊन एसीच्या कंडेन्सरला टेकला होता. कंडेन्सर म्हणजे एसीनं गाडीतली उष्णता बाहेर टाकायची जागा. तिथं ४४ दाखवलं हे कमीच म्हणायचं. सेन्सर खाचेत दाबला, टक् असा आवाज आला, काम झालं. पाच मिनिटं.

मी नोकरी करतो फाउंड्रीत. १४०० अंशांच्या लोखंडात पायरोमीटर, म्हणजे भट्टीचा तापमापक, बुडवून आकडा बघायचा हे रोजचंच. तिथं पाच-दहा अंश इकडं-तिकडं झाले तर कुणी बोलत नाही; पण गाडीच्या काचेवरचा आकडा चार अंशांनी चुकला की मला झोप लागत नाही. त्या नादात स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच गाड्यांत सेन्सर बसवले, काही चुकीच्या जागीही बसवले. त्यातून जे कळलं ते इथं लिहितो.

सेन्सरला हवा कळत नाही

ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं निम्मं काम झालं. सेन्सरला फक्त स्वतःचं अंग किती तापलंय एवढंच कळतं. त्याचं अंग हवेइतकंच तापेल, ना जास्त ना कमी, अशी जागा शोधणं एवढंच आपलं काम.

आत असतो तो बहुतेक वेळा ज्वारीच्या दाण्याएवढा थर्मिस्टर. तो तापला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो, गार झाला की वाढतो. रोध मोजतात ओहममध्ये. बाजारात सुटा मिळणारा बहुधा १० किलो-ओहमचा असतो, म्हणजे २५ अंशांना १०,००० ओहम. बर्फाच्या पाण्यात बुडवला की तोच ३०,००० च्या आसपास जातो. दर अंशाला साधारण ४ टक्के फरक. कंपनीच्या सेन्सरचे आकडे मात्र कंपनीगणिक वेगळे, त्यामुळं एका गाडीचा काढून दुसरीला लावू नका. कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा खटका, जुळला म्हणून आकडा जुळत नाही.

या दाण्याला हवेपासून तोडणारे चार जण आहेत : ऊन, इंजिन, रस्ता आणि पाणी (पाण्याचं पुढं सांगतो). ऊन थेट पडलं की हवा ३५ असली तरी काळं प्लॅस्टिक ५० ला जातं. हवामान खातं म्हणूनच आपला तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर ठेवतं. स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात तिला. सावली आहे, पण वारा आरपार जातो. आपल्याला बंपरमध्ये त्या पेटीची गरीब आवृत्ती करायची आहे.

इंजिनाचं वेगळंच. गाडी पळत असते तेव्हा वारा पुढून मागं जातो आणि रेडिएटरची उष्णता मागंच राहते. पण सिग्नलला थांबलात की वारा बंद. इंजिनाखालची गरम हवा गाडीच्या पोटाखालून पुढं येते, पंखा ती पुन्हा आत ओढतो, आणि जाळीजवळचा सेन्सर त्या फेऱ्यात सापडतो. गाडी बंद केल्यावर तर आणखी वाढतं, कारण इंजिन गार ठेवणारं ९० अंशांचं पाणी (कूलंट) आहे, पंखा नाही, वारा नाही, सगळी उष्णता बोनेटखाली कोंडते. कंपन्यांना हे ठाऊक आहे. म्हणून बऱ्याच गाड्यांत असा हिशेब घातलेला असतो की गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असताना आकडा वर जाऊ द्यायचा नाही, खाली मात्र लगेच येऊ द्यायचा. चहाला थांबून परत निघालात आणि आकडा जिथल्या तिथं दिसला, तर सेन्सर बिघडलेला नाही, गाडी मुद्दाम जुना आकडा धरून बसली आहे. बाहेरून घेतलेल्या स्वस्त डिजिटल मीटरला ही अक्कल नसते. त्यात जागाच नीट निवडावी लागते.

रस्ता आपण विसरतो. एप्रिलच्या दुपारी डांबर ६० अंशांच्या घरात जातं आणि बंपर त्याच्यापासून जेमतेम दीड फुटावर. म्हणून उत्तम जागी बसवलेला सेन्सरसुद्धा गावात दुपारी एक-दोन अंश जास्त दाखवतो. तेवढं मान्य करून टाकायचं.

आधी गाडीत आहे का ते बघा

डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान येत असेल किंवा ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल, तर सेन्सर आहेच. टॉर्च घेऊन पुढच्या खालच्या जाळीतून आत बघा. कंडेन्सरच्या पुढं, आडव्या पट्टीवर करंगळीच्या पेराएवढं काळं बोंड आणि त्याला दोन वायरी दिसतील. नाही दिसलं तर दरवाज्याच्या आरशाच्या खालच्या बाजूला बघा. काही कंपन्या तिथं देतात.

आकडा भलताच येत असेल तर नवा सेन्सर घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा : बोंड जागेवर अडकलंय का, त्यावर चिखलाचा थर आहे का, आणि कपलर हिरवा पडलाय का. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आपल्याकडं कमी नाहीत. त्यातली एखादी जुन्या बाजारातून घेतली असेल तर कपलरपासूनच सुरुवात करा.

आणखी एक. उणे ४० असा आकडा दिसला तर बहुतेक वेळा वायर तुटलेली असते किंवा कपलर निघालेला असतो. अशा वेळी कित्येक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही चालू होत नाही, कारण बाहेर कडाक्याची थंडी आहे असं गाडीला वाटतं. माझ्या एका मित्रानं याच कारणासाठी दोनदा एसीचा गॅस भरून घेतला. तिसऱ्यांदा कुणीतरी डॅशबोर्डवरचा आकडा वाचला.

नवीन बसवायचा तर जागा कशी ठरवायची

सकाळी गाडी थंड असताना बोनेट उघडा आणि आधी उष्णतेचा नकाशा मनात मांडा. एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर नेणारी नळी, कुठल्या बाजूला? डिझेल असेल तर टर्बोची जाड नळी कुठून येते, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर कुठं आहे? कंडेन्सर कुठून कुठंपर्यंत? फॉगलॅम्प हॅलोजनचा असेल तर त्यात ५५ वॅटचा बल्ब म्हणजे छोटी शेगडीच. या सगळ्यांपासून लांबची बाजू आपली.

माझी पहिली पसंती खालच्या जाळीच्या मागं, बंपरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्टीवर. कंडेन्सरच्या किमान चार बोटं पुढं, आणि बंपरमध्ये जमेल तितकं वर. अगदी मध्यभागी नको, कारण तिथं कंडेन्सरचा मारा जास्त. अगदी कोपऱ्यातही नको, तिथं वारा फिरकत नाही. जाळीची रुंदी तीन भागांत वाटा आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूच्या भागाच्या आतल्या कडेला धरा. लोखंडी बीमला टेकवू नका. लोखंड इंजिनाची उष्णता आणून पोचवतं.

आरशाखालची जागा खरं तर याहून चांगली. तीन फूट उंची, इंजिन लांब, वारा भरपूर. पण वायर दरवाज्याच्या रबरी नळीतून ओढायची म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि घाईत केलं तर काच वर-खाली होताना वायर कापली जाते. आरसा काळा असेल तर उन्हात उभ्या गाडीत तोही तापतो, मात्र चालायला लागलं की काही मिनिटांत ताळ्यावर येतो. हात बसलेला असेल तर जरूर करा.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. वायपरखालची खाच नको, बोनेटची उष्णता तिथूनच बाहेर पडते. चाकाच्या कमानीत ब्रेकची उष्णता आणि चिखल. मागच्या बंपरला सायलेन्सर, शिवाय पळत्या गाडीच्या मागं स्वतःचाच धूर घोटाळत असतो. टपावर ऊन. पुढच्या नंबरप्लेटमागं बरेच जण लावतात, पण ॲल्युमिनियमचा पत्रा तापतो आणि हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक उघडायचं नसतं, म्हणून तिकडं जाऊच नका.

दोन जागांना मात्र हातही लावू नका. पिवळे कपलर दिसले की ते एअरबॅगचे. पुढच्या बीमवर धडकेचा सेन्सर असू शकतो, त्याच्या वायरीला आपली वायर बांधायची नाही. आणि नव्या गाड्यांत पुढच्या लोगोमागं किंवा खालच्या जाळीत रडारची सपाट काळी पेटी असते. तिच्या समोर पट्टी, पाइप, वायर, काहीही येता कामा नये.

आधी चिकटपट्टी, मग भोक

मी पहिल्या गाडीत उत्साहाच्या भरात थेट भोक पाडलं, सेन्सर ठोकला, आणि पहिल्याच सिग्नलला आकडा तीन मिनिटांत सहा अंश चढला. भोक अजून आहे. तेव्हापासून नियम केला : ठरवलेल्या जागी सेन्सर चिकटपट्टीनं आणि लॉकटायनं तात्पुरता बांधायचा, वायर बाहेरून बोनेटच्या फटीतून, मग खिडकीच्या रबरातून आत घ्यायची, आणि तीन दिवस तसंच फिरायचं. लोक हसतात. हसू द्या.

या तीन दिवसांत तीन परीक्षा. पहिली पहाटेची. रात्रभर सावलीत उभ्या गाडीत इंजिन, कूलंट आणि हवा सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं यंत्र) असेल तर इग्निशन लावून, इंजिन चालू न करता कूलंटचं आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या, हवेचं तापमान वाचा. आपला सेन्सर त्यांच्या एक-दोन अंशांत आला पाहिजे. इथंच फरक पडला तर दोष जागेचा नाही, सेन्सरचा किंवा मीटरचा. स्कॅनर नसेल तर दुसरा तापमापक जाळीजवळ टांगून अर्धा तास थांबा.

दुसरी चालत्या गाडीची. तावडे हॉटेलापासून कागलच्या बाजूला महामार्गावर ७०-८० च्या वेगानं दहा मिनिटं चला. आकडा कुठंतरी स्थिरावेल. तो लिहून ठेवा, हा तुमचा खरा आकडा.

तिसरी सिग्नलची, आणि जागा पास की नापास ते इथंच ठरतं. एसी चालू ठेवून, इंजिन गरम असताना, संध्याकाळच्या गर्दीत कावळा नाका गाठा. तीन-चार मिनिटं उभं राहिल्यावर आकडा दोन-तीन अंश वर गेला तर जागा चांगली. पाच-सहा गेला तर सेन्सर कंडेन्सरपासून आणखी पुढं घ्या किंवा बाजू बदला. परत निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरमध्ये तो मूळ आकड्यावर येतोय का तेही बघा.

हौस असेल तर पन्हाळा. गड पायथ्याच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच, म्हणजे हवा अडीच ते चार अंश गार असायला हवी. घाट चढताना आकडा हळूहळू उतरताना बघायला मजा येते. पण हे दुपारीच करा. हिवाळ्यात भल्या पहाटे उलटं होतं : गार हवा जड, ती खाली पंचगंगेच्या काठच्या उसात साचून राहते, आणि वर गडावर आकडा चढलेला दिसतो. मी पहिल्यांदा ते बघून सेन्सर उलटा बसला म्हणून उतरवायला निघालो होतो.

कायमचा बसवताना

अर्ध्या इंची पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा दोन इंचांचा तुकडा घ्या. दोन्ही टोकं उघडी, अंगाला ड्रिलनं सहा-आठ भोकं. हा आपला स्टीव्हन्सन. पाइप उभा धरून आडव्या प्लॅस्टिक पट्टीच्या खाली, एक बोट फट ठेवून बांधा, म्हणजे वरून पाणी पडणार नाही आणि वारा भोकांतून जाईल. सेन्सर आत मधोमध टांगता ठेवायचा, टोक खाली. पाइपच्या भिंतीला चिकटता कामा नये. चिकटला की तो हवा नाही, पाइप मोजतो. मी वायरभोवती रबराची छोटी चकती घालून तो मध्ये धरतो; सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली चालते.

लॉकटाय काळेच घ्या. पांढरे उन्हानं दोन वर्षांत ठिसूळ होऊन तुटतात आणि मग काकांच्या गाडीसारखं होतं.

वायर गाडीच्या मूळ वायरिंगच्या सोबतीनं न्यायची, पण मूळ वायरिंग कापायचं किंवा सोलायचं नाही. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. पंखा, बेल्ट, एक्झॉस्ट यांच्यापासून एक वीत लांब. बोनेटपासून केबिनमध्ये जायला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) मोठा रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरी जायच्या भोकाचं बूच, असतो; त्यात बारीक चीर देऊन वायर ओवा आणि बाहेरून सिलिकॉन लावा. ग्रोमेटच्या अलीकडं वायरीला खाली लोंबणारा एक झोल ठेवा. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते झोलाच्या तळाशी गळून पडतं, नाहीतर ते सरळ तुमच्या पायापाशी येतं.

मीटरसोबत आलेली वायर बहुधा मीटरभरच असते. जोड द्यायला घाबरू नका. चार-पाच मीटर तांब्याच्या वायरीचा रोध एखादा ओहम. आणि आपल्या थर्मिस्टरला एक अंश म्हणजे ४०० ओहम. काडीचा फरक पडत नाही. पण जोड मात्र पक्का हवा : पीळ, सोल्डरचा डाग, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, प्रत्येक वायरीला वेगळी आणि दोन्हींवर मिळून आणखी एक. नुसती काळी टेप गुंडाळली तर पहिल्या जुलैतच कळेल.

कसं कळेल तेही सांगतो, कारण हे निदान मला फार उपयोगी पडलंय. जोडात पाणी शिरलं की दोन वायरींमध्ये चोरवाट तयार होते, रोध कमी होतो, आणि मीटरला वाटतं उकाडा वाढला; पावसात आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. उलट कपलर गंजला की रोध वाढतो, आणि आकडा खऱ्यापेक्षा खाली राहतो, खड्ड्यात गाडी आदळली की उड्या मारतो. वर चढला तर पाणी शोधा, खाली गेला तर गंज. डिजिटल चिपचा सेन्सर असेल तर हा नियम लागू नाही; तिथं जोड बिघडला की आकडा मुळात येतच नाही.

दुचाकीवाल्यांसाठी

बुलेटवाल्यांनी मला बरेचदा विचारलंय. एअर-कूल्ड इंजिन म्हणजे सगळी उष्णता उघड्यावर, त्यामुळं टाकीखाली किंवा इंजिनाच्या जवळपास कुठंच नको. हेडलॅम्पच्या पुढच्या खालच्या बाजूला, सावलीत, तोच पाइपचा तुकडा. एलईडी हेडलॅम्प असेल तर त्याच्या पाठीवर उष्णता फेकणाऱ्या चकत्या असतात, त्यापासून चार बोटं दूर. हँडल पूर्ण डावी-उजवीकडं फिरवून वायर ताणत नाही ना ते बघा. सिग्नलला इथंही आकडा चढणार. दुचाकीवर तो आवरता येत नाही.

नंतरची निगा

ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या मागं अर्धा तास चाललात की जाळीत पाचट अडकतं. पाइपच्या भोकांत गेलं तर वारा बंद, आणि सेन्सर आळशी होतो, म्हणजे आकडा बरोबर येतो पण फार उशिरा. पन्हाळ्याच्या, गगनबावड्याच्या बाजूचा तांबडा चिखल वाळला की त्याचाही तसाच लेप बसतो. चैत्रात जोतिबाहून परतलेल्या गाडीत गुलाल कुठं-कुठं शिरतो ते वेगळं सांगायला नको. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं बोंड आणि भोकं साफ करा. सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचं पाणी थेट जाळीत मारू नको म्हणून सांगा. आणि गाडी धुतल्या धुतल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका : ओला सेन्सर माठासारखा गार होतो, एप्रिलच्या कोरड्या दुपारी पाच-सात अंश सहज कमी दाखवतो, वाळला की परत जागेवर येतो. पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळं तेव्हा हा फरक फारसा जाणवत नाही.